अल-बिरूनी : पृथ्वीचे माप घेणारा मुसाफिर

खाडीकाठी किंवा नदीकाठी राहणाऱ्या वाचकांना पाणी जमीन कशी खाते हे सांगायला नको. एका पावसाळ्यात बांध जातो, दुसऱ्यात माडांची रांग जाते, आणि मग घरातील वडीलधारी माणसे मुलांना बोट करून दाखवतात की आमच्या लहानपणी काठ तिथे पलीकडे होता. आपल्या संस्थेच्या विद्यार्थ्यांना व पालकांना आज ज्या थोर पुरुषाची ओळख करून द्यावयाची आहे, त्यांचे बालपण अशाच एका खचणाऱ्या काठावर गेले.

मध्य आशियातील ज्या नदीला अरब लेखक जैहून म्हणत, तिलाच आज अमू दर्या म्हणतात. तिच्या काठी ख्वारिज्म प्रांताची जुनी राजधानी काथ हे शहर होते. शहराच्या कडेला अल-फीर नावाचा मातीविटांचा किल्ला होता. एकात एक असे तीन कोट, आणि उंची अशी की कित्येक मैलांवरून दिसावा. नदी दरवर्षी त्याचा एक लचका तोडी. इ. स. ९९४ च्या सुमारास त्याची शेवटची खूणही पाण्यात गेली. ही हकीकत ज्यांनी पुढे आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली ते अबू रैहान मुहंमद बिन अहमद अल-बिरूनी त्या वेळी २१ वर्षांचे होते. त्यांचा जन्म ४ सप्टेंबर ९७३ चा. 'बिरून' म्हणजे बाहेर. शहराच्या तटाबाहेरील वस्तीत जन्मलेला म्हणून बिरूनी, असा त्या नावाचा अर्थ सांगतात. नदीने गिळलेल्या त्या परिसरातील गावाला आज उझबेकिस्तानात बेरूनी हेच नाव आहे.

विद्यार्थी मित्रांनो, शालेय इतिहासाच्या पुस्तकात तुम्हाला अल-बिरूनी भेटतात ते महमूद गझनवीच्या धड्यात, एखाद्या ओळीत. भारतावर ग्रंथ लिहिणारा प्रवासी एवढीच ती ओळख असते. मी भूगोल शिकवतो. म्हणून मला त्यांची दुसरी बाजू अधिक मोलाची वाटते. कोणते गाव पृथ्वीच्या पाठीवर नेमके कोठे आहे, एका गावाहून दुसरे कोणत्या दिशेला व किती दूर आहे, नदी पूर्वी कोठून वाहत होती, हे प्रश्न त्यांनी जन्मभर सोडवले. आज ही कामे उपग्रह करतात. बिरूनींच्या हाताशी होते एक धातूचे कडे, एक फळी आणि दोरा.

त्यांचे गुरू अबू नस्र मन्सूर हे राजघराण्यातील गणिती. त्यांच्या हाताखाली शिकत असताना, वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास, बिरूनींनी अर्ध्या अर्ध्या अंशाच्या खुणा केलेले कडे घेऊन भर मध्यान्ही सूर्याची उंची मोजली व त्यावरून काथचा अक्षांश काढला. हे कसे साधते हे तुम्हालाही करून पाहता येईल. २१ मार्चच्या सुमारास सूर्य विषुववृत्तावर असतो. त्या दिवशी मध्यान्ही तो तुमच्या माथ्यापासून जितका अंश ढळलेला दिसेल तितकाच तुमच्या गावाचा अक्षांश. आमच्या शाळेच्या पटांगणात नववीच्या मुलांबरोबर आम्ही एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी केली. मध्यान्ह म्हणजे घड्याळातील बारा नव्हेत. आपले घड्याळ पूर्वेकडील रेखांशावर लावलेले आहे, त्यामुळे रत्नागिरीकडे मार्चमध्ये सावली सर्वांत आखूड होते ती पाऊण वाजण्याच्या सुमारास. मुले उन्हात कंटाळली, पण थांबली. सावली भरली ३२ सेंटिमीटर. हिशेब केला तर अक्षांश आला पावणेअठरा. आमची शाळा आहे सतराव्या अंशावर! म्हणजे कागदावर आम्ही सारे ऐंशी किलोमीटर उत्तरेला, दापोलीकडे जाऊन पोहोचलो. अर्धा अंश चुकला की पंचावन्न किलोमीटर चुकतात हे मुलांना त्या दिवशी जितके समजले तितके ते मी फळ्यावर लिहून समजले नसते. सतरा वर्षांचे बिरूनी हाच हिशेब एकट्याने करीत होते, आणि आपले कडे लहान असल्याने चूक होते हे जाणून पुढे पंधरा हात व्यासाचे मोठे वर्तुळ करण्याच्या खटपटीला लागले होते.

त्या वर्तुळाने पुरेसे काम होऊ शकले नाही. ९९५ मध्ये ख्वारिज्ममध्ये यादवी माजली. गुरगंजच्या अमीराने काथच्या शाहाचा वध केला, आणि बावीस वर्षांच्या बिरूनींना परागंदा व्हावे लागले. काही काळ ते आजच्या तेहरानजवळील रय शहरी होते. तेथे हाल झाले. एका फलज्योतिष्याशी गणिताच्या प्रश्नावर वाद झाला तेव्हा, तू दरिद्री, तू मला काय शिकवणार, या थाटात त्याने यांना उडवून लावले. पुढे यांचे दिवस पालटल्यावर तोच गृहस्थ स्नेही झाला. ही आठवण बिरूनींनी स्वतःच लिहिली आहे. त्यात कडवटपणापेक्षा गंमतच अधिक दिसते.

दोनच वर्षांनी ते पुन्हा काथमध्ये आले, आणि २४ मे ९९७ च्या रात्री त्यांनी एक फार सुंदर काम केले. अक्षांश सूर्यावरून निघतो, पण रेखांश कसा काढावा? दोन गावांतील पूर्वपश्चिम अंतर म्हणजे त्यांच्या स्थानिक वेळेतील फरक. एका तासाला पंधरा अंश. परंतु एका गावात अमुक क्षणी किती वाजले हे दुसऱ्या गावाला कळवणार कोण? तारायंत्र नव्हते, आणि सांडणीस्वाराला महिने लागत. बिरूनींनी बगदादचे थोर गणिती अबुल वफा यांच्याशी आधी ठरवून ठेवले. चंद्रग्रहण जेथून दिसते तेथून ते एकाच क्षणी दिसते. तेव्हा त्या रात्री बगदादेत अबुल वफा व काथमध्ये बिरूनी अशा दोघांनी एकच ग्रहण पाहून आपापली वेळ नोंदवली. फरक आला सुमारे एक तासाचा. आजच्या नकाशावर ही दोन ठिकाणे सोळा अंशांहून थोडी अधिक दूर आहेत, म्हणजे तासाला जवळजवळ पाच मिनिटे जास्त. चंद्राचा उपयोग घड्याळासारखा करून शेकडो कोसांवरच्या दोन विद्वानांनी मिळून मापलेली ही रेषा, हे मला त्यांच्या आयुष्यातील सर्वांत आवडणारे चित्र वाटते.

नंतर काही वर्षे ते कास्पियन समुद्राजवळील जुर्जानचा राजा काबूस याच्या आश्रयाला होते. तेथे इ. स. १००० च्या सुमारास त्यांनी निरनिराळ्या लोकांच्या कालगणनेवर मोठा ग्रंथ लिहिला. तेथेच पृथ्वीचे माप घेण्याची त्यांची पहिली खटपट झाली. खलिफा मामूनच्या ज्योतिषांनी पूर्वी सपाट वाळवंटात उत्तरदक्षिण चालत जाऊन एक अंशाची लांबी मोजली होती. तसेच मोजमाप दिहिस्तानच्या वाळवंटात करावे असा बिरूनींचा मनसुबा होता. पण त्यासाठी माणसे हवीत, पैसा हवा, आणि त्यामागे उभा राहणारा धनी हवा. तो मिळाला नाही. मनसुबा तसाच राहिला.

ते ख्वारिज्मला परतले, दरबारी मसलतगार झाले, आणि १०१७ मध्ये पुन्हा सारे कोसळले. तेथील शाहाचा खून झाला, महमूदने स्वारी करून प्रांत जिंकला आणि इतर विद्वानांबरोबर बिरूनींनाही गझनीला नेले. याच काळातले त्यांचे समकालीन इब्न सीना महमूदच्या हाती लागू नये म्हणून आधीच निसटले होते. बिरूनींना तो मार्ग मिळाला नाही. काही लेखांत त्यांना महमूदच्या दरबाराचे भूषण म्हटलेले असते. ते भूषण होते खरे, परंतु दरबारात येण्यापूर्वी त्यांची मर्जी कोणी विचारली नव्हती हे आपण विसरू नये.

पालकहो, आता पुढील प्रसंग नीट वाचावा. १४ ऑक्टोबर १०१८ या दिवशी बिरूनी काबूलजवळ जैफूर नावाच्या खेड्यात होते. घरापासून दूर, मनाने खचलेले, आणि जवळ एकही यंत्र नाही. पण त्या दिवशी सूर्याची उंची मोजायची होती. त्यांनी हिशेबाची धूळपाटी उलटी केली, तिच्या पाठीवर वर्तुळाचा एक भाग आखून अंशांच्या खुणा केल्या, दोऱ्याला वजन बांधून ओळंबा सोडला, आणि त्या फळीने सूर्य मोजला. आमच्याकडे प्रयोगशाळेला साहित्य नाही, म्हणून प्रयोग होत नाहीत, असे मी स्वतः सभेत एकदोनदा बोललो आहे. जैफूरची हकीकत वाचल्यापासून ते वाक्य बोलताना जीभ अडखळते.

गझनीत त्यांनी जो मोठा प्रश्न हाती घेतला तो आपल्या वाचकांना जवळचा आहे. नमाजाची दिशा, किब्ला. गझनीहून मक्केची नेमकी दिशा कोणती? लोक अंदाजाने सांगत, आणि मतभेद होत. बिरूनींचे म्हणणे असे की पृथ्वी गोल आहे, तेव्हा हा प्रश्न अंदाजाचा नसून गणिताचा आहे. दोन्ही गावांचे अक्षांश व रेखांश ठाऊक असतील तर दिशा काढता येते. अक्षांश निघाले, पण रेखांशासाठी प्रत्येक गावी ग्रहणाची वाट कोण पाहणार? मग त्यांनी काफिल्यांच्या वाटा घेतल्या. बगदादहून रय, रयहून गुरगंज, तेथून बल्ख, बल्खहून गझनी, अशी साखळी केली. वाट वळणावळणाची असते, डोंगर चढते, म्हणून व्यापाऱ्यांनी सांगितलेल्या अंतरातून वळणांचे अंतर वजा केले. प्रत्येक टप्प्याचा अक्षांश तपासला. दुसऱ्या मार्गाने तेच उत्तर येते का हे पाहिले, आणि जेथे जुळले नाही तेथे कोणावर किती भरवसा ठेवावा याची चर्चा केली. बगदाद व गझनी यांच्या रेखांशांत त्यांना चोवीस अंशांहून किंचित अधिक फरक आला. आजच्या मापाशी ताडून पाहता चूक अर्ध्या अंशाच्याही आत आहे. उंटांच्या पावलांवरून काढलेल्या हिशेबात एवढी अचूकता यावी! 'तहदीद' या नावाने ओळखला जाणारा हा ग्रंथ त्यांनी ऑक्टोबर १०२५ मध्ये पुरा केला. त्याची जुनी हस्तलिखित प्रत इस्तंबूलमध्ये जपलेली आहे.

या गणिताचा निकाल आपल्या गावीही लागू पडतो. आपल्याकडे किब्ला म्हणजे पश्चिम असे सर्रास सांगतात. हिशेब केला तर रत्नागिरीहून मक्केची दिशा पश्चिमेपासून सुमारे तेरा अंश उत्तरेकडे येते. उलट गझनीहून ती पश्चिमेच्या दक्षिणेला येते. मोबाइलवर किब्ला दाखवणारी जी साधने आज अनेकांकडे आहेत, ती गोलावरच्या त्रिकोणांचे हेच गणित आत करीत असतात. गावाचे स्थान मात्र त्यांना उपग्रहाकडून आयते मिळते.

वाळवंटात जे साधले नाही ते बिरूनींना पुढे एका डोंगरावर साधले. पंजाबात, आज पाकिस्तानात असलेल्या मिठाच्या डोंगररांगेत, पिंड दादन खानजवळ नंदना नावाचा किल्ला आहे. त्याच्याजवळच्या डोंगरासमोर सपाट मैदान पसरलेले. बिरूनींनी आधी खालून दोन ठिकाणांहून शिखराचा कोन घेऊन डोंगराची उंची काढली. ती ६५२ हात भरली. मग ते वर चढले आणि क्षितिज आपल्या समपातळीपासून किती खाली झुकलेले दिसते ते मोजले. तो कोन आला ३४ कला, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा अधिक. पृथ्वी सपाट असती तर हा झुकाव दिसलाच नसता. उंची आणि झुकाव या दोन आकड्यांवरून, केवळ एका त्रिकोणाच्या आधारे, पृथ्वीची त्रिज्या निघते. त्यांची त्रिज्या आली सुमारे १ कोटी २८ लाख हात. एका अंशाची लांबी आली जवळजवळ ५६ अरबी मैल, आणि मामूनच्या ज्योतिषांचा आकडाही ५६ मैल व वर दोनतृतीयांश असाच होता. एवढे जुळल्यावर त्यांनी समाधान मानले.

येथे थोडे थांबून एक सांगावेसे वाटते. बिरूनींचे माप आजच्या मापाशी शेकडा नव्व्याण्णव जुळते असे अनेक ठिकाणी अभिमानाने छापलेले असते. पण त्यांचा हात नेमका किती लांब धरावा यावर ते अवलंबून आहे. शिवाय तेच दोन आकडे घेऊन आजच्या गणकयंत्रावर हिशेब केला तर त्रिज्या १ कोटी ३३ लाखांच्या घरात येते. इतक्या लहान कोनात कोष्टकातील शेवटच्या अंकाचा फरकही लाखो हातांचा होतो. हवेमुळे प्रकाश वाकतो, त्याची चूक निराळीच. रीत निर्दोष आहे, डोंगर चढणारा माणूस खरा आहे, आकडा फुगवण्याची गरज नाही. दुसऱ्यांच्या मापांतील खोट इतक्या बारकाईने शोधणाऱ्या बिरूनींना ते रुचलेही नसते.

उत्तर भारतातील स्वाऱ्यांच्या निमित्ताने ते पंजाबात राहिले, संस्कृत शिकले, पंडितांजवळ बसले. महमूदच्या स्वाऱ्यांनी या देशाची कशी धूळधाण झाली आणि विद्वान दूर का निघून गेले हेही त्यांनी न भिता लिहून ठेवले. १०३० च्या सुमारास पुरा झालेला 'किताबुल हिंद' तुम्हाला नावाने माहीत आहे. त्यात वाटांचे एक प्रकरण आहे, ते प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने वाचावे. माळव्यातील धार नगरीहून दक्षिणेकडे निघाल्यावर महरट्ट देश १८ फरसख, आणि मग समुद्रकाठचे कोकण व त्याची राजधानी ठाणे २५ फरसख, अशी अंतरे त्यांनी दिली आहेत. ते स्वतः इकडे कधी आले नाहीत. लाहोर, मुलतान, पेशावर या बाजूच्या गावांचे अक्षांश त्यांनी जातीने काढले, पुढचे प्रवाशांकडून विचारून घेतले. म्हणूनच त्याच ग्रंथात कोकणात शरव नावाचा, पाठीवरही चार पायांसारखे काही असलेला प्राणी आहे, अशीही ऐकीव माहिती येते! आम्हा कोकणवासीयांना तो अद्याप दिसलेला नाही.

मात्र जे त्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यातून त्यांनी काय ओळखले ते पाहा. उत्तरेच्या पर्वतापाशी नद्यांतील धोंडे मोठे व गोल, पुढे गेल्यावर लहान, आणि नद्या संथ होऊन समुद्राजवळ येतात तेथे नुसती वाळू. यावरून त्यांनी ताडले की हा सारा सपाट प्रदेश एके काळी समुद्र असावा व नद्यांनी आणलेल्या गाळाने तो भरला असावा. वाळवंटात विहिरी खोदताना शिंपले व माशांच्या आकृती असलेले दगड निघतात, याचीही त्यांनी सांगड घातली. आपल्या जैहून नदीने पूर्वी कोणकोणते मार्ग बदलले याचा त्यांनी असाच माग काढला. ज्या नदीने अल-फीरचा किल्ला खाल्ला, तिच्याकडे ते रागाने नव्हे तर मोजमापाच्या नजरेने पाहत होते.

त्याच नदीचे पाणी १९६० नंतर कापसाच्या शेतीसाठी इतके वळवले गेले की ज्या अरल समुद्राला ती मिळे तो आटत गेला. जगातील चौथ्या क्रमांकाचे ते सरोवर आज पूर्वीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढे उरले आहे. उपग्रहांनी वर्षानुवर्षे घेतलेली छायाचित्रे एकापुढे एक ठेवली की किनारा मागे सरकताना स्पष्ट दिसतो. बिरूनींना ही चित्रे दाखवता आली असती तर त्यांनी प्रथम प्रमाण विचारले असते, असे मला वाटते.

महमूदनंतर त्याचा मुलगा मसूद याच्या काळात त्यांना बरे दिवस आले. मसूदच्या नावाने लिहिलेल्या 'कानून' या ज्योतिषग्रंथात त्यांनी सहाशेहून अधिक ठिकाणांचे अक्षांश व रेखांश कोष्टकात मांडले. या ग्रंथाबद्दल हत्तीभर चांदी आली ती त्यांनी परत पाठवली असे सांगतात. उतारवयात नजर व कान दोन्ही अधू झाले, तरी एका हकिमाच्या मदतीने त्यांनी औषधींवर मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्या वेळी चांद्र वर्षांनी त्यांनी ऐंशी ओलांडली होती.

इ. स. १०५० च्या सुमारास गझनीतच त्यांचा अंत झाला. शेवटच्या दुखण्यात एक कायदेपंडित त्यांना भेटायला गेले. श्वास लागलेला असतानाच बिरूनींनी त्यांना वारसाहक्कात आज्यांच्या वाट्याचा हिशेब कसा करावा, हा पूर्वी कधीतरी अर्धवट राहिलेला प्रश्न विचारला. अशा अवस्थेत हे कशाला, असे पाहुण्यांना वाटले. पण न जाणता जाण्यापेक्षा जाणून गेलेले बरे, असा बिरूनींचा आग्रह पडला. पंडितांनी उकल सांगितली, बिरूनींनी ती त्यांच्यासमोर पुन्हा म्हणून पक्की करून घेतली. निरोप घेऊन ते रस्त्यावर आले, तोच घरातून रडण्याचा आवाज त्यांच्या कानी आला.